राणी, वानर आणि अडीचशेचा आकडा

प्रति,
वृत्तवाहिन्यांचे सर्व संपादक,
मुंबई, नोएडा आणि जिथे कुठे असाल तिथे.

विषय : अंगणवाडीतून वानराने नेलेल्या राणीबाबत खुलासा.
संदर्भ : आपण डिसेंबर २०२१ मध्ये दाखवलेली माकडं विरुद्ध कुत्रे ही बातमी.

संपादक महोदय,


मी बीड जिल्ह्यात एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गाव माजलगावपासून फार लांब नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. पत्राला विषय आणि संदर्भ लावलाय त्याचं हसू आलं असेल तर येऊ द्या. खुलासे लिहून लिहून हाताला तेच वळण पडलंय. धान्याचं पोतं भिजलं, करा खुलासा. मोबाईलमध्ये माहिती भरली नाही, करा खुलासा. रेंज नव्हती म्हणून भरली नाही, तर रेंज का नव्हती त्याचाही करा. मात्र हा खुलासा माझ्याकडे कुणी मागितलेला नाही. आपण होऊन देतेय.

लवूळ तुम्हाला आठवत असेल. माजलगाव तालुक्यातलं पाचेक हजार वस्तीचं गाव. एरवी तुमच्यापैकी कुणाला ते नकाशावर दाखवता आलं नसतं. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत होती. वर दूध नाही, पाणी नाही. पिल्लं उपासाने मरायची, नाहीतर पडून. गावकरी वैतागले होते आणि त्यांचा वैताग खरा होता. त्या महिन्यात नागपूरच्या वनविभागाचं पथक आलं आणि दोन वानरं धरून घेऊन गेलं.

तुमच्या पडद्यावर मात्र गँगवॉर चालू होतं. कुत्र्यांनी म्हणे वानराचं एक पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी सूड घ्यायची शपथ घेतली. मेलेली पिल्लं एका ठिकाणी ८० होती, दुसऱ्या ठिकाणी २५०. ही बातमी न्यूयॉर्क-लंडनच्या पेपरांत गेली, ट्विटरवर तिच्यावर चित्रं निघाली. माझा दीर चाकणला कंपनीत आहे. त्याने फोन करून विचारलं, "वहिनी, आपल्याकडं कुत्रं उरलंय का एखादं?" मी दारातून बाहेर बघितलं. चार कुत्री उन्हात तंगड्या पसरून झोपली होती, पाचवं माझी चप्पल चावत होतं.

आता आमची हकीकत. २०२२ चा मार्च, महिन्याचा पहिला आठवडा. या दिवसांत आमची वजनं असतात. छताच्या कडीला काटा टांगायचा, काट्याला निळी झोळी. मदतनीस आत्याबाई लेकराला झोळीत बसवतात, लेकरू भोकाड पसरतं, काटा नाचायचा थांबला की मी आकडा वाचते आणि रजिस्टरात लिहिते. पंधरा-सोळा वर्षं हेच केल्यामुळे माझं असं झालंय की झोळी हलली की मान वर जाते आणि काटा थांबला की पेन चालतं. मध्ये डोकं लागत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

त्या दिवशी मंदिरामागच्या लिंबावर वानरं आली होती. वानरं म्हणतेय, माकडं नाही. तोंड काळं, अंग राखाडी, शेपूट अंगापेक्षा लांब, ते वानर. लाल तोंडाचं, आखूड शेपटीचं असतं ते माकड, आमच्याकडे मदारी घेऊन यायचा. हा फरक आमच्या अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या पोराला कळतो. तुम्ही दोन आठवडे माकड माकड करत होतात, आणि पडद्यावर फोटो वानराचा होता.

उन्हाळा लागला की वानरं गावात यायचीच. ओढे आटतात, आणि डोंगर-जंगल म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात आहेच किती! त्यात ज्वारी आणि हरभरा काढणीला आलेला. त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. मी तेवढी मोजली. लेकरांना रोज एक ते दहा शिकवणाऱ्या बाईला चार चिमण्या दिसल्या तरी मोजल्याशिवाय राहवत नाही. नऊ होती. एक थोराड हुप्प्या भिंतीवर, बाकी सगळ्या माद्या आणि पोरंसोरं.

आमच्या खिडकीला जाळी नाही. तिथून आधी एक शेपूट आत आलं. ते बराच वेळ नुसतंच लोंबत होतं, दोरीसारखं. एका पोराने ते ओढायला हात वर केला, तेवढ्यात मागोमाग शेपटीची मालकीण आत उतरली. पोटाला पिल्लू चिकटलेलं. तिच्यामागे एक अर्धवट वयाचं वानर. लेकरं आधी गप्प झाली. मग सगळी एकदम माझ्या साडीत शिरली. अठरा लेकरं एका साडीत मावत नाहीत, हे मी स्वतः अनुभवून सांगते.

ते अर्धवट वयाचं होतं ना, त्याने झोळी पाहिली आणि सरळ उडी मारून तिच्यात बसलं. तोरा असा, जणू आत्याबाईंनीच उचलून बसवलंय. झोळी गरगर फिरली, हेलकावली, थांबली. ते रडलं नाही. आमच्या इतिहासात झोळीत बसून न रडलेलं पहिलंच.

मोठीचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या खेळण्यांच्या पेटीकडे. मधोमध खिचडीचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. मला वाटलं, गेली आजची खिचडी. पण बाईने पातेल्याला वळसा घातला. ठोकळे बाजूला सारले, मण्यांच्या डब्याचा वास घेतला आणि राणीला बाहेर काढलं.

राणी म्हणजे आमची कापडी बाहुली. संचात आलेली. काळ्या लोकरीचे केस, लाल झगा. कोरोनात अंगणवाडी बंद होती तेव्हा उंदरांनी तिचा एक डोळा नेला, त्यामुळे एकाच बटणाने जगाकडे बघते. वानरीने तिला उलटं केलं, सुलटं केलं. झगा वर करून पाहिलं. मग मांडीवर घेतलं आणि तिच्या लोकरीच्या केसांत उवा शोधायला लागली. अगदी दुपारी ओट्यावर बसून आम्ही बायका शोधतो तशा. काही सापडलं असावं, कारण एकदा बोट तोंडाकडेही गेलं. स्वतःचं पिल्लू पोटाला तसंच चिकटलेलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. भीती वाटत होती हे खरं, पण हसू दाबायला जास्त कष्ट पडत होते.

तेवढ्यात आत्याबाई पाण्याची कळशी घेऊन दारात आल्या. कळशी सुटली, आवाज झाला. वानरीने राणीचा हात धरला आणि खिडकीतून पार. झोळीतलंही पसार. आणि आमच्या आत्याबाई, ज्यांचा आवाज भोंग्याशिवाय शिवारात ऐकू जातो, रस्त्यावर धावत सुटल्या : "आवं धावा! वान्नेरानं राणी नेली!"

संपादक महोदय, आमच्या गावात त्या वेळी राणी नावाच्या सहा मुली होत्या.

पुढची दहा मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. ज्वारी काढत असलेल्या बायका हातातल्या विळ्यांसकट पळत आल्या. एका राणीची आई, दुसऱ्या राणीची आजी, तिसऱ्या राणीचा बाप ट्रॅक्टर घेऊन. एक राणी स्वतःच शाळेतून पळत आली आणि रडत विचारायला लागली की मला कुठं नेलंय. मी ओरडून सांगतेय, बाहुली आहे, बाहुली. ऐकतो कोण! सगळ्यांच्या माना लिंबाकडे. वर लाल झगा दिसतोय, काळे केस दिसतायत. खालून चौघे मोबाईल वर धरून उभे. पारावरचे एक आजोबा तेवढे बसल्या जागी म्हणाले, "रडना कशी ती?" गर्दीत तोच एक शहाणा प्रश्न होता.

वर काय चाललं होतं तेही सांगते, कारण कुणाच्याही मोबाईलमध्ये ते आलेलं नाही. वानरीने राणीला पोटाशी धरायचा प्रयत्न केला, पण पोटाशी जागा नव्हती. मग दुसरी, जरा तरणी मादी सरकत सरकत आली आणि राणीला आपल्याकडे ओढलं. ही सोडेना, तीही सोडेना. नंतर सोडलं. दुसरीने राणीला मांडीवर घेतलं, तोंडाजवळ तोंड नेलं, जरा वेळ वाट पाहिली. मग तिसरीकडे दिलं. बारशाला बाळ एका मांडीवरून दुसरीवर जातं, तसं चाललं होतं.

माझी धाकटी बीएस्सीला आहे. तिला रात्री सांगितलं तर म्हणाली, आई, हे पुस्तकात आहे. वानरांच्या माद्या एकमेकींची पिल्लं अशी घेतात, जन्मल्या दिवसापासून. नवं पिल्लू काळंभोर असतं, मोठ्यांसारखं राखाडी नसतं, आणि ते काळं गाठोडं दिसलं की सगळ्यांना हवं असतं. सारा हर्डी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात अबूच्या डोंगरावर वर्षानुवर्षं वानरांमागे फिरून हे लिहून ठेवलंय. त्याच बाईंनी हेही लिहिलंय की टोळी बळकावणारा नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो. म्हणजे वानर काही साधुसंत नाही. आम्ही शनिवारी तेल वाहतो ते मारुतीला, लिंबावरच्या हुप्प्याला नाही. पण मारणं वेगळं आणि पोटाशी धरणं वेगळं. लवूळची पिल्लं बहुतेक या दुसऱ्या हौसेपायी वर गेली असावीत, हा माझा कयास. लहान, केसाळ, कुईकुई करणारं काहीतरी, घेतलं उचलून. वानरीला कुत्र्याच्या पिल्लाला पाजता येत नाही, आणि कुत्र्याच्या पिल्लाला फांदी धरता येत नाही. पुढचं तुम्ही दाखवलंच.

पण मला सांगायचंय ते आकड्याबद्दल.

दुपारी तीनला गावच्या ग्रुपवर आलं : अंगणवाडीतून चिमुकलीला वानराने पळवले. चार वाजता चाकणहून दीर : "वहिनी, दोन लेकरं नेली म्हणं?" संध्याकाळी माझ्या माहेरी बातमी पोचली तेव्हा तीन झाली होती आणि सेविका, म्हणजे मी, जखमी होते. माझ्या आईचा फोन आला. मी उचलला, तर तिला माझ्या आवाजावर विश्वास बसेना. "खरं बोल, दवाखान्यातून बोलतीस ना?"

साडेसातला एका पत्रकार भाऊंचा फोन आला. तालुक्याला असतात, नाव सांगत नाही, मनाने वाईट नाहीत. "ताई, बाईट पाहिजे." मी म्हटलं, भाऊ, बाहुली होती. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "मग चिमुकली थोडक्यात बचावली, असं म्हणू का?" मी म्हटलं, चिमुकली नव्हतीच. "तसं नाही ताई, म्हणजे चिमुकली असती तर बचावली नसती, असं." आमचं बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी बातमी दिली नाही. बाहुलीला कोण विचारतो?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाई दुसऱ्यांना नावं ठेवतेय. थांबा. दुसऱ्या दिवशी माझ्या वरच्या बाईंनी लेखी अहवाल मागितला. मी लिहायला बसले. "अंदाजे" लिहिलं आणि पेन थांबलं. नऊ. नऊ वानरं आली आणि तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं तर? एका बाहुलीचं रक्षण झालं नाही तुमच्याच्याने? नऊ फार थोडी वाटायला लागली. मी लिहिलं : अंदाजे २५ वानरांचा कळप.

स्वतः मोजलेली नऊ. कुणी दम दिला नव्हता, टीआरपी नव्हता, पैसा नव्हता. नुसतं आपलं कारण जरा वजनदार दिसावं म्हणून सोळा वानरं मी घरबसल्या जन्माला घातली. तेव्हा लवूळचे अडीचशे कुठून आले असतील ते मला कळलं. त्यासाठी कुणा एकाला खोटं बोलावं लागत नाही. पिल्लं गेलेल्या माणसाने दोन वाढवायची, कारण एरवी कुणी दखल घेत नाही. त्याच्याकडून ऐकणाऱ्याने पाच वाढवायची. वनविभागाला अर्ज लिहिणाऱ्याने गोल आकडा करायचा. मग तो आकडा तुमच्याकडे येतो आणि तुम्ही त्याला लाल पट्टी, संगीत आणि सूड लावता.

एक बोलते, राग मानू नका. ४ डिसेंबर २०२३ पासून आम्ही राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस पन्नासहून जास्त दिवस संपावर होतो. मानधन वाढवा, ग्रॅच्युइटी द्या, पेन्शन द्या, एवढंच म्हणत होतो. थंडीत आंदोलनाला बसलो. तुमच्या पडद्यावर आम्ही किती मिनिटं होतो ते तुम्हीच आठवून बघा. तिथे बसल्या बसल्या आमच्यातली एक म्हणाली, "आपण एक एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन झाडावर चढू, म्हणजे येतील." सगळ्या हसल्या. दोघीतिघी खरंच झाडाकडे बघत होत्या.

आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर ३२ एकर जमीन वानरांच्या नावे असल्याची नोंद आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ही बातमी आली तेव्हा आत्याबाईंना वाचून दाखवली. आमची अंगणवाडी समाजमंदिरात भरते, स्वतःची खोली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "मग त्यांनाच अर्ज करू. दोन गुंठे देत्याल."

मागणं काही मोठं नाही. पुढच्या वेळी आमच्याकडून अशी बातमी आली तर आकडा लावण्याआधी गावात कुणीतरी मोजायला पाठवा. कुणी मिळालं नाही तर अंगणवाडीत विचारा. मोजणं, वजन करणं हेच आमचं काम आहे, आणि मीही आता नऊला नऊच लिहिते. पट्टीवर वनविभागाचा १९२६ हा नंबर टाका, म्हणजे लोक काठ्या घेऊन धावण्याआधी फोन करतील. आणि वानराला वानर म्हणा.

राणीचं काय झालं ते राहिलं. लेकरं त्या दिवशी घरी जायलाच तयार नव्हती. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की निम्मी लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, कारखान्यावर. मी त्यांची नावं स्थलांतरितांत टाकते, आणि मागे राहिलेली लेकरं ते बघत असतात. तर चार वर्षांच्या एकाने लिंबाकडे बघत मला विचारलं, "ताई, राणीचं नाव कमी करायचं?" मी म्हटलं, नको, स्थलांतरित लिहू. त्याला ते पटलं. "मंग यील," म्हणाला आणि खिचडी खायला बसला.

पाचव्या दिवशी राणी मंदिराच्या पत्र्यावर सापडली. झगा गेला होता, पोटातला कापूस बाहेर. आत्याबाईंनी धुतली, शिवली, दुसरा डोळा लावला. घरात त्या रंगाचं बटण नव्हतं, म्हणून आता एक डोळा काळा आणि एक शर्टाचा पांढरा. तिचे केस मात्र तेवढे साफ मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका,
जि. बीड

ता. क. : झोळीबद्दल सांगते म्हटलं होतं. त्या दिवशी ते वानराचं पोर झोळीत थांबलं तेव्हा काटाही थांबला, आणि मी सवयीने आकडा लिहून मोकळी झाले : ११.५ किलो. ओळ उघडी होती ती एका अडीच वर्षांच्या लेकराची, जे त्या दिवशी आलंच नव्हतं. मागच्या महिन्यात ते ९ किलो होतं. गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही, मोबाईलमध्येही तेच भरलं गेलं. बैठकीत वरच्या बाईंनी माझं नाव घेतलं, एका महिन्यात अडीच किलो वाढ, टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात मी त्याचं खरं वजन लिहिलं, ९ किलो २०० ग्रॅम. लेकरू दोनशे ग्रॅमनी वाढलं होतं, पण कागदावर दोन किलो तीनशे ग्रॅमनी खाली आलं. त्याचा खुलासा मी त्याच वेळी दिला होता. खरं कारण लिहिलं म्हणून तो परत आलाय.